बूच लागल्यावर

घरी वाइन करण्याच्या किटच्या खोक्यावर ‘चार आठवडे’, ‘सहा आठवडे’ किंवा ‘आठ आठवडे’ असं ठळक छापलेलं असतं. आकडा खोटा नाही. तेवढ्या दिवसांत रसातली साखर संपते, वाइन निवळते आणि बाटलीत भरता येते. मात्र ती पिण्याजोगी व्हायला त्यापुढे कितीतरी महिने जातात. किटची रेड वाइन म्हणजे पाणचट, उग्र, तोंडात झोंबणारं काहीतरी, असं मत झालेल्या माणसांनी ती बहुधा याच मधल्या काळात चाखलेली असते. या प्रकरणात त्या काळाचाच विचार करायचा आहे. बाटली भरण्याचा दिवस आणि त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष यांत जे काही घडतं, त्याची सूत्रं बरीचशी ऑक्सिजनच्या हाती असतात. तो किती शिरला, कधी शिरला आणि त्याला आवरायला वाइनमध्ये काय होतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन करणं हा १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. इथे जे लिहिलं आहे ते कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या घरांविषयी आहे. तिथे स्वतःपुरती वाइन करायला कायद्याची आडकाठी नाही, आणि टोरंटो किंवा न्यू जर्सीकडच्या मराठी घरांच्या तळघरांतही वाइनचा काचेचा बुधला एखाद्या कोपऱ्यात दिसू शकतो.

किटमध्ये जाड पिशवीत द्राक्षाचा रस असतो. तो काही अंशी किंवा पूर्णपणे आटवलेला असतो. सोबत पुड्या असतात: यीस्ट, बेंटोनाइट ही माती, ओकचा भुसा किंवा तुकडे, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, पोटॅशियम सॉर्बेट आणि वाइन निवळवणारी द्रावणं. पाणी घालून एकूण २३ लिटर करायचं. त्यातून ७५० मिलिलिटरच्या तीस बाटल्या निघतात. महागड्या किटमध्ये रस जास्त आणि पाणी कमी असतं, शिवाय द्राक्षाच्या सालींचा लगदा वेगळ्या पिशवीत दिलेला असतो. शाकाहारी वाचकांनी निवळवणाऱ्या द्रावणांची नावं वाचून घ्यावीत. त्यातलं काइटोसॅन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढलेलं असतं.

आटवलेल्या रसाची ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा घरी फळांचा रस ठेवायला मुभा होती. त्या फटीचा फायदा घेऊन कॅलिफोर्नियाच्या द्राक्ष बागायतदारांच्या फ्रूट इंडस्ट्रीज या संस्थेने ‘व्हाइन-ग्लो’ नावाचा आटवलेला रस पिंपातून घरपोच विकायला सुरुवात केली. संस्थेची माणसं पिंप घरी लावून द्यायची आणि साठ दिवसांनी तयार वाइन बाटल्यांत भरून द्यायची. १९३१मध्ये हा उद्योग गुंडाळावा लागला, पण रस ते बाटली हा दोन महिन्यांचा हिशेब आजच्या किटमध्येही तसाच आहे. आज अमेरिकेत दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर वाइन स्वतःसाठी करता येते. विकता मात्र येत नाही. कॅनडात ऑन्टारिओमध्ये तर यासाठी दुकानंच आहेत. किट तिथेच घ्यायचं, बुधला तिथेच ठेवायचा, पण रसावर यीस्टची पुडी ग्राहकाने स्वतःच्या हाताने भुरभुरायची आणि वाइन तयार झाल्यावर बाटल्याही स्वतःच भरायच्या. हे दोन्ही हात त्याचे असले, की ती वाइन कायद्याने त्याने केलेली ठरते.

आता बाटल्या भरण्याआधीच्या तीन तपासण्या. पहिली साखरेची. सुरुवातीला हायड्रोमीटर १.०९०च्या आसपास उभा राहतो, शेवटी तो ०.९९६ किंवा त्याहून खाली उतरला पाहिजे आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली मापं सारखी आली पाहिजेत. साखर उरली असताना बूच मारलं, तर यीस्ट बाटलीत पुन्हा जागं होतं आणि बूच उडतं. दुसरी तपासणी निवळपणाची. बुधल्यामागे विजेरी धरली, की धूसरपणा लगेच कळतो. आज जे धूसर दिसतं ते उद्या बाटलीच्या तळाशी गाळ होऊन बसणार, तेव्हा आणखी पंधरा दिवस थांबण्यात काहीच नुकसान नाही.

तिसरी तपासणी वायूची. किटवाल्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. आंबताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वाइनमध्ये विरघळून राहतो. वायनरीत वाइन पिंपात कित्येक महिने पडून असते, त्या काळात तो हळूहळू आपोआप निघून जातो. किटच्या चार-सहा आठवड्यांत तेवढी सवड नसते, म्हणून ड्रिलला दांडा लावून वाइन घुसळावी लागते. पुरेसं घुसळलं की नाही हे कसं कळणार? काचेच्या नळीत अर्धी वाइन घ्यायची, तोंडावर अंगठा दाबून जोरात हलवायची आणि अंगठा काढायचा. ‘फस्स’ असा आवाज आला तर वायू शिल्लक आहे. हा उरलेला वायू जिभेला टोचतो, तुरटपणा आणि आंबटपणा वाढवून दाखवतो, आणि वाइन बिघडली असा समज करून देतो. घुसळायचं मात्र ते निवळवण्याच्या टप्प्याआधी, सल्फाइट घातल्यावर. निवळलेली वाइन भरण्याच्या दिवशी घुसळली, तर गाळ वर येतो आणि हवाही मिसळते.

सल्फाइटची ओळख मराठी वाचकाला करून द्यायला नको. घरी लिंबाचं किंवा आंब्याचं सरबत टिकाऊ करणाऱ्यांच्या कपाटात पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची डबी असते, आणि तासगावकडे बेदाण्याचा रंग टिकवायला द्राक्षांना गंधकाची धुरी देतात तेव्हाही काम करतो तो सल्फर डायऑक्साइडच. वाइनमध्ये तो दोन आघाड्या सांभाळतो. जंतूंना थोपवतो आणि ऑक्सिजनमुळे तयार झालेली विध्वंसक द्रव्यं निकामी करतो. हे करताना तो स्वतः खर्ची पडतो. हिशेबाने पाहिलं, तर १ मिलिग्रॅम ऑक्सिजनमागे सुमारे ४ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड जातो.

किती घालायचा हे वाइनच्या आंबटपणावर, म्हणजे पीएचवर ठरतं. मुक्त सल्फर डायऑक्साइडचा अगदी थोडा भाग जंतूंवर चालणाऱ्या रूपात असतो, आणि पीएच वाढला की तो भाग झपाट्याने घटतो. रेड वाइनला त्या रूपातला अर्धा मिलिग्रॅम दर लिटरला पुरेसा मानतात. तेवढा मिळायला ३.४ पीएचला मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम लागतो, ३.६ला ३१ आणि ३.८ला जवळजवळ ५०. मेटाबायसल्फाइटच्या वजनात सल्फर डायऑक्साइड साधारण ५७ टक्के असतो. पाव चमचा, म्हणजे दीड ग्रॅम पावडर २३ लिटरांत घातली, की लिटरमागे ३७ मिलिग्रॅमची भर पडते. त्यातलाही काही भाग वाइनमधल्या इतर द्रव्यांना चिकटून निरुपयोगी होतो.

किटच्या माहितीपत्रकात पुष्कळदा एक ओळ असते: सहा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल, तर भरताना आणखी पाव चमचा मेटाबायसल्फाइट घाला. म्हणजे पुडीतला सल्फाइट लवकर पिणाऱ्याच्या मापाने दिलेला असतो. वर्षभर मुरवायची वाइन या ओळीकडे दुर्लक्ष करून भरली, तर ती आठ-दहा महिन्यांत तपकिरी पडून कापलेल्या, काळ्या झालेल्या सफरचंदासारखी लागू शकते, आणि त्यावर उपाय नसतो. चमच्याऐवजी छोटा तराजू वापरावा, कारण पावडर दाबून भरली की सैल, यावर पाव चमच्याचं वजन बदलतं. दमा असलेल्या काही जणांना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांना ही वाइन देताना सांगून द्यावं.

जाता जाता सॉर्बेटविषयी. ते यीस्टची वाढ रोखतं, साखर शिल्लक असलेल्या वाइनला त्याची गरज असते. पण दुग्धाम्ल करणारे जिवाणू त्या सॉर्बेटपासून जिरेनियमच्या चुरडलेल्या पानांसारखा वास तयार करतात आणि तो कधीच जात नाही. म्हणून सॉर्बेट घातलेल्या किटवर याच जिवाणूंकडून होणाऱ्या मॅलोलॅक्टिक किण्वनाचा प्रयोग करू नये.

भरण्याच्या दिवशी आधी बाटल्या. जुन्या बाटल्या चालतात, फक्त फिरकीच्या झाकणाच्या नकोत. त्यांची मान बुचाचा दाब घेण्यासाठी घडवलेली नसते, ती तडकू शकते. धुवायला सोडियम परकार्बोनेट उत्तम, लेबलंही सुटून येतात. क्लोरीनचं ब्लीच मात्र वाइनच्या आसपासही आणू नये. लाकूड, बूच, पुठ्ठा यांच्यावरच्या बुरशीची क्लोरीनयुक्त द्रव्यांशी गाठ पडली, की ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल तयार होतं. ओल्या पुठ्ठ्यासारख्या कुबट वासाचं हे मूळ स्वित्झर्लंडच्या हान्स टॅनर यांनी १९८१मध्ये ओळखलं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश भाग, एवढ्यानेही वाइन वाया जाते.

बुधला आदल्या दिवशीच टेबलावर चढवून ठेवावा, म्हणजे हलवाहलवीत उठलेला गाळ रात्रीत खाली बसतो. नळीचं टोक गाळाच्या वर राहील असं धरायचं. दुसऱ्या टोकाला भरणीची कांडी: कडक प्लास्टिकची, टोकाला छोटी झडप. कांडी बाटलीच्या तळाला टेकली की झडप उघडते, उचलली की बंद होते. वाइन तळातून शांतपणे चढत जाते आणि वरची हवा तिच्यात न मिसळता पुढे ढकलली जाते. वरून धार सोडली, की बाटलीत फेस दिसतो. तो फेस म्हणजे हवा, आणि खळखळून भरलेल्या वाइनमध्ये लिटरमागे कित्येक मिलिग्रॅम ऑक्सिजन जाऊ शकतो. वाइन काठोकाठ आली की कांडी बाहेर काढायची. कांडीने व्यापलेली जागा मोकळी होते, पातळी मानेत खाली उतरते आणि बुचाखाली हवी तेवढी फट उरते. ही कांडी कोणी आखली ते मला ठाऊक नाही, पण एवढं साधं आणि नेमकं साधन घरगुती उद्योगात क्वचित सापडतं.

फट दीड-दोन सेंटिमीटर हवी. एवढ्याशा जागेतल्या हवेतही सुमारे १ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. पातळी खांद्यापर्यंत खाली राहिली, तर तो अनेक पटींनी वाढतो. बुधल्यातली शेवटची बाटली अर्धी राहिली तर ती बूच लावून ठेवू नये, त्याच संध्याकाळी पिऊन टाकावी.

बुचासाठीचा ओक भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडच्या प्रदेशात वाढतो. जगातलं निम्मं बूच एकट्या पोर्तुगालचं. आपल्याकडच्या पांढऱ्या फुलांच्या बुचाच्या झाडाशी त्याचा संबंध नाही. झाड न तोडता त्याची साल सोलतात, आणि दोन सोलण्यांमध्ये किमान नऊ वर्षं जाऊ देतात. १६६५मध्ये रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली याच सालीचा पातळ काप ठेवला आणि त्यांना जी कप्प्याकप्प्यांची रचना दिसली, तिच्यावरून जीवशास्त्राला पेशी मिळाली. ते कप्पे वायूने भरलेले असतात, म्हणून बूच दाबलं जातं आणि सोडलं की पुन्हा फुगतं. वाइनचं बूच २४ मिलिमीटर व्यासाचं, बाटलीच्या मानेचा आतला व्यास साधारण साडेअठरा. बूच मारण्याचं यंत्र पितळी जबड्यांत त्याला मानेपेक्षाही बारीक आवळतं आणि दांड्याच्या एका दाबात खाली ढकलतं. हातातलं स्वस्त यंत्रही मिळतं, पण तीस बाटल्यांनंतर मनगट भरून येतं आणि बुचं तिरकी बसू लागतात. जमिनीवर उभं राहणारं यंत्र बऱ्याच दुकानांतून भाड्याने मिळतं, तेच आणावं. बुचं उकळू नयेत, उकळल्याने त्यांची लवचीकता जाते. सल्फाइटच्या पाण्याचा फवारा पुरतो. सहा महिन्यांत संपणाऱ्या वाइनला भुशापासून दाबून केलेलं ३८ मिलिमीटरचं बूच चालतं, दोन वर्षं ठेवायच्या वाइनला ४५ मिलिमीटरचं चांगलं बूच घ्यावं.

बूच आत जाताना मानेतली हवा खाली दाबली जाते. त्यामुळे बाटल्या तीन दिवस उभ्याच ठेवायच्या. बूच पुरतं फुगेपर्यंत हा दाब त्याच्या कडेने निघून जातो. लगेच आडव्या केल्या, तर हवेऐवजी वाइन बाहेर पाझरते. त्यानंतर मात्र आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं, आक्रसत नाही.

मग पहिल्या काही आठवड्यांत वाइन रुसल्यासारखी होते. आदल्या आठवड्यात बुधल्यातून काढलेल्या पेल्यात जो फळांचा वास होता तो सापडत नाही, चव सपाट लागते. भरताना शिरलेला ऑक्सिजन आणि नुकताच घातलेला सल्फाइट यांचा निपटारा चालू असतो. सहा-आठ आठवडे बाटली उघडूच नये. या काळात चाखून केलेला न्याय वाइनवर अन्याय असतो.

खरं मुरणं त्यानंतर सुरू होतं. लुई पाश्चर यांचं वाइनवरचं पुस्तक १८६६मध्ये आलं. त्यांनी काचेच्या नळ्यांत वाइन सीलबंद करून पाहिलं. काठोकाठ भरलेल्या नळीतली वाइन बदलली नाही. हवा ठेवलेल्या नळीतली मात्र लवकर म्हातारी झाली, तिचा रंग उतरला, तळाशी साका बसला. वाइन घडवणारा आणि मोडणारा ऑक्सिजन एकच, फरक फक्त मापाचा आणि वेगाचा, हे तेव्हापासून कळत गेलं. चांगल्या बुचातून बाटलीत वर्षाला एखाद मिलिग्रॅमच्या घरात ऑक्सिजन झिरपतो, आणि मुरण्यासाठी तो पुरतो.

त्या थोड्याशा ऑक्सिजनच्या मदतीने सालीतून आलेली दोन द्रव्यं एकमेकांना बांधली जातात. एक अँथोसायनिन, जांभळाने जीभ रंगते ती त्याच्यामुळे. दुसरं टॅनिन, हिरडा किंवा कच्चं केळं चघळल्यावर तोंड आवळतं ते त्याच्यामुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासल्यासारखी वाटते. नव्या वाइनमध्ये अँथोसायनिन बरंचसं सुटं असतं, म्हणून रंग जांभळट. महिने सरतात तसे त्याचे टॅनिनशी मोठे रेणू बनतात. त्यांचा रंग विटकरीकडे झुकतो आणि तो टिकतोही जास्त, कारण सल्फाइट सुट्या अँथोसायनिनला फिकट करतो तसा याला करू शकत नाही. तुरटपणाची धार बोथट होते. काही रेणू इतके वाढतात की वाइनमध्ये विरघळून राहू शकत नाहीत, आणि साक्याच्या रूपात तळाशी बसतात. आम्लं आणि अल्कोहोल यांच्यातल्या संथ अभिक्रियांनी वासही बदलत जातो. ताज्या फळाच्या जागी सुकवलेल्या फळाचा, लाकडाचा, क्वचित तंबाखूच्या पानाचा वास येऊ लागतो.

किटच्या वाइनला हे सगळं लागू आहे, पण तिच्याकडे भांडवल कमी असतं. रस सालीवर फार काळ राहिलेला नसतो, तेव्हा टॅनिन थोडं. आटवताना काही सुवास उडालेले असतात. म्हणून वीस वर्षं ठेवलेल्या बोर्दोच्या गोष्टी ऐकून किटच्या बाटल्या दशकभर दडवून ठेवण्यात अर्थ नाही. माझ्या मते सहा-आठ लिटर आटवलेल्या रसाचं स्वस्त किट तीन महिन्यांनी पिण्याजोगं होतं आणि वर्षभरात संपवावं. सोळा-अठरा लिटर रसाचं किट सहा महिन्यांनी बोलू लागतं आणि दीड-दोन वर्षांपर्यंत सुधारत जातं. सालींचा लगदा असलेल्या किटला वर्षाच्या आत हात लावू नये. तिसऱ्या वर्षात त्याला जी गोलाई येते ती सुरुवातीच्या महिन्यांत अजिबात जाणवत नसते. ओकचे तुकडेही असेच. पहिल्या महिन्यांत लाकूड वेगळं लागतं, वर्षाने ते फळात मिसळून जातं.

ठेवायची जागा अंधारी आणि १२ ते १४ अंश सेल्सियसची हवी. १८ अंशांचं तळघरही चालेल, फक्त वाइन जरा लवकर मुरेल. तापमान रोज वर-खाली होणं जास्त वाईट. वाइन प्रसरण-आकुंचन पावते आणि बूच पंपासारखं हवा आत ओढतं. स्वयंपाकघरातला फ्रिजवरचा कप्पा किंवा कॅनडातल्या हिवाळ्यात घर तापवणाऱ्या भट्टीजवळची मोकळी जागा, दोन्ही टाळाव्यात. सुट्टीत भारतात येताना कोणाला भेट म्हणून एखादी बाटली आणली, तर ती आठवडाभरात उघडायला सांगावी. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कपाटात ठेवलेली बाटली गणपतीपर्यंत शिजल्यासारखी लागेल.

मुरण्याचा अंदाज घ्यायला चाखण्याशिवाय मार्ग नाही, आणि तीसमधल्या मोठ्या बाटल्या त्यात खर्ची घालायला जिवावर येतं. त्यासाठी भरतानाच चार-पाच बाटल्या ३७५ मिलिलिटरच्या भराव्यात. त्यांची मान आणि बूच मोठ्या बाटलीएवढंच, पण वाइन निम्मी, म्हणजे ऑक्सिजनचा वाटा दुप्पट. त्या लवकर मुरतात आणि मोठ्या बाटल्यांत पुढे काय होणार ते आधी सांगतात. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या महिन्यात एकेक उघडावी, वहीत दोन ओळी लिहाव्यात: रंगाची कड कशी दिसली, तुरटपणा कुठे जाणवला, वास किती वेळ टिकला. लागोपाठच्या दोन नोंदींत फळ कमी झाल्याचं दिसलं आणि त्याच्या जागी नवं काही आलं नाही, तर वाइन चढून उतरणीला लागली आहे. मग उरलेल्या मोठ्या बाटल्या येत्या सहा महिन्यांत संपवाव्यात. वर्षापेक्षा जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, हळू कलती करून सुरईत ओतावी आणि मानेत काळी रेघ येताना दिसली की थांबावं.